दुकानात दोन सूर्य: सपाट पाटीवर उठावाची अक्षरं काढताना

वहिनींच्या दुकानाची पाटी लागून आज आठ दिवस झाले. मधले दोन महिने कसे गेले ते विसरायच्या आत लिहून ठेवतोय, कारण सुरुवातीला मी शोधलं तेव्हा कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांना उठावदार दिसेल अशी जाडी कशी द्यायची ते ढीगभर सापडलं, देवनागरीला कशी द्यायची ते कुणीच सांगेना. आणि देवनागरीचं दुखणं वेगळंच असतं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या वहिनींना पाडव्याला दुकान उघडायचं होतं. चादरी, टॉवेल, थोडे नॅपकिन. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला एक गाळा भाड्याने मिळाला होता. माझं सात रस्त्याजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिकेचा तयार साचा उघडून नावं बदलणं, एवढीच माझी डिझाइनमधली मजल. पण घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटरवाला म्हणजे सगळं येणारा.

२७ जानेवारी २०२५, सोमवारी आम्ही पाटीवाल्याकडे गेलो. वहिनींना ॲक्रिलिकची उठावदार अक्षरं हवी होती. 'सोलापुरी चादर' एवढे दोनच शब्द मोठे, बाकी सगळं बारीक. अशा अक्षरांचा भाव उंचीच्या इंचावर असतो. अठरा इंची अक्षर, इंचाला ६० रुपये. मी मनात सात अक्षरं मोजली: सो, ला, पु, री, चा, द, र. म्हणजे ७,५६०. त्याने मोजली बारा. काना वेगळा, वेलांटी वेगळी, उकार वेगळा. १२,९६०! मी म्हटलं, अहो, शिरोरेषा सलग आहे, एका अर्थी शब्द म्हणजे एकच तुकडा. तो म्हणाला, "मग एकाच तुकड्याचा भाव सांगू का साहेब?" त्यावर मी गप्प बसलो. (तुम्ही खरी उठावाची अक्षरं करणार असाल तर काना-मात्रा कशी मोजणार, हे आधी ठरवून घ्या आणि कोटेशनवर लिहून घ्या.)

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, कॉम्प्युटरवर नुसती जाड दिसणारी अक्षरं काढून छापता येत नाहीत का?" मी हो म्हणालो. तिथून सगळं सुरू झालं.

पैसे घालायचे नव्हते म्हणून चित्रं काढायचं इंकस्केप घेतलं. २००३ पासून चालत आलेलं, फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, माझ्याकडे १.४ आवृत्ती उतरली. पहिले चार दिवस फुकट गेले, कारण मी साधनपट्टीतल्या थ्रीडी बॉक्सच्या मागे लागलो. त्यातून खोके फार सुंदर निघतात, रेषा दूरच्या बिंदूकडे पळताना दिसतात, बिंदू ओढला की खोकं वळतं. पण त्या खोक्यावर अक्षर चिकटत नाही. तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली, ती आधी शिरली असती तर बरं झालं असतं: एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची फाइल, हा मुळात सपाट प्रकार आहे. त्यात लांबी आहे, रुंदी आहे, खोली नाही. इलस्ट्रेटर या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकाराला खरोखर जाडी देऊन दिवा लावायची सोय आहे, कोरल या तिसऱ्यात एक्स्ट्रूड नावाचं जाडी देणारं साधन आहे. पण शेवटी छापून येतात ते रंगवलेले सपाट तुकडेच. इंकस्केपमध्ये तो भास तुम्हालाच तुकड्या-तुकड्याने रचावा लागतो.

मग सापडला मोशन. एक्स्टेन्शन्सच्या (जोडसाधनांच्या) यादीत पाथपासून, म्हणजे आकाराच्या कडेच्या रेषेपासून, नवं काही तयार करणाऱ्या गटात तो आहे. कोन द्यायचा, लांबी द्यायची, आणि अक्षराची कड त्या दिशेला ओढल्यासारखी बाजूची भिंत तयार होते. वळणदार कडेची भिंतही वळणदार येते. मी 'सोलापुरी' टाइप केलं, अक्षरांचा पाथ केला (शिफ्ट-कंट्रोल-सी) आणि मोशन चालवला.

जे दिसलं ते सांगतो. स ला उजवीकडे भिंत, काना त्या भिंतीतून आरपार गेलेला, पुढच्या ल ची डावी भिंत कान्याच्या पोटात. शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या जोडापाशी एक आडवा काप. सगळा शब्द म्हणजे रेल्वेचे डबे सुटून एकमेकांत घुसलेत असं चित्र. फाँटात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्यावर थोडासा चढतं. सपाट काळ्या अक्षरात हा चढ दिसत नाही. जाडी दिली की दिसतो. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, म्हणून तिकडे कुणाला हा त्रास नाही आणि म्हणूनच कुणी त्यावर बोलत नाही.

उपाय एका ओळीचा आहे, मला तो सापडायला आठवडा लागला. पाथ केल्यावर गट सोडवायचा, सगळे तुकडे निवडायचे आणि युनियन करायचं (कंट्रोल आणि अधिक). शब्द एकजीव होतो. कोरलमध्ये यालाच वेल्ड म्हणतात. जाडी त्यानंतर द्यायची, आधी कधीच नाही.

युनियनच्या ऐवजी मी एकदा चुकून ब्रेक अपार्ट (तुकडे सुटे करणारं बटण) दाबलं आणि च चं पोट बुजलं. आतली पोकळी हा वेगळा आकार झाला आणि त्यातही काळा रंग भरला. 'चादर' मधला च एखाद्या ठोकळ्यासारखा दिसायला लागला. घाबरू नका, पोकळीचा तुकडा आणि बाहेरचा तुकडा निवडून डिफरन्स (एकातून दुसरा वजा) करा, पोट परत मोकळं होतं.

युनियननंतर नोड्स, म्हणजे कडेवरचे बिंदू, खूप वाढलेले असतात. एका र वर मला सत्तावीस सापडले, हवे होते जेमतेम पंधरा. प्रत्येक नोडपाशी भिंतीचा नवा तुकडा पडतो, म्हणून फालतू नोड आधी काढून टाकावेत. नोड आपोआप कमी करणारं सिम्प्लिफायचं बटण आहे, पण ते शिरोरेषेचे काटकोन गोल करून टाकतं. मी दोन संध्याकाळी बसून हाताने काढले. त्याच बैठकीत ल सुद्धा नीट केला. मी घेतलेल्या फुकट फाँटात ल हिंदी वळणाचा होता. सोलापुरात पाटी लावायची आणि ल परगावचा, हे काही मला पटेना.

फेब्रुवारी मध्यावर आला. सोयीसाठी मी दोन्ही शब्द वेगवेगळे केले होते, 'सोलापुरी' एका फाइलीत, 'चादर' दुसऱ्या. बाजूच्या भिंतींना छानपैकी ग्रेडियंट (उजळातून गडदाकडे जाणारे रंग) दिले. एका रविवारी मामा घरी आले. मामांनी आयुष्यभर जेकार्डच्या चादरींची डिझाइनं ग्राफ कागदावर काढली. एक चौकोन म्हणजे एक धागा. भरलेला चौकोन, रिकामा चौकोन, त्यावरून पुढे मागावर नक्षी उठवणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची. मोराचं पीस त्यांनी चौकोनातच वळवलेलं मी लहानपणी पाहिलंय.

"काय करलालास बे?" म्हणत ते मागे येऊन उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "दुकानात दोन सूर्य उगवलेत का?"

सोलापुरी ची डावी बाजू उजळ होती, चादर ची उजवी. दोन फाइली, दोन दिवस, दोन उजेड. मी आठ दिवस तेच चित्र बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. "उजेड आधी ठरव, मग चौकोन भर" एवढं बोलून ते चहाला गेले. चहा पिऊन परत आले आणि दुसरा प्रश्न टाकला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. "पाटी लागणार किती उंच?"

"अकरा फूट."

"मग तुला अक्षराचा माथा कसा दिसलालाय? गच्चीवर उभारलास का?"

मी जाडी वर-उजवीकडे ओढली होती, कारण नमुन्याच्या चित्रांत तशी असते. पण रस्त्यावरचा माणूस पाटीकडे खालून बघतो. भिंतीतून पुढे आलेल्या अक्षराची त्याला खालची बाजू दिसते, वरची नाही. आणि आमच्या गाळ्याकडे बहुतेक लोक चौकातून, म्हणजे पाटीच्या डावीकडून येतात, त्यांना अक्षरांची डावी बाजू दिसणार. म्हणजे जाडी खाली-डावीकडे ओढायला हवी. उजेडाचं म्हणाल तर पाटीच्या वर दोन फोकस लागणार होते, उजेड वरून. मग अक्षराचा तोंडवळा सगळ्यात उजळ, डाव्या भिंती मध्यम, खालच्या भिंती सगळ्यात गडद. ग्रेडियंट सगळे काढून टाकले. तीन सपाट रंग, बस.

यासाठी मोशनने पाडलेले सुटे तुकडे फार कामाला आले. प्रत्येक तुकडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघायचं आणि तीनपैकी एक रंग द्यायचा. दोन्ही शब्द मिळून १३१ तुकडे निघाले. पु च्या उकाराच्या गोलाईवर मध्यम आणि गडद यांच्या मध्ये दोन जास्तीच्या छटा द्याव्या लागल्या, नाहीतर गोलाई चेचल्यासारखी दिसते. महाशिवरात्रीच्या सुट्टीचा अख्खा दिवस यात गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

पाटीच्या उजव्या टोकाला घडी केलेल्या तीन चादरींची चळत हवी होती. ती आयसोमेट्रिक केली, म्हणजे वरची, डावी, उजवी अशा तिन्ही बाजू एकाच वेळी दिसतील अशी तिरकी. चादरीचं डिझाइन आधी सपाट काढायचं, मग त्याची उंची ८६.६०२ टक्के करायची, ३० अंश तिरकं करायचं, मग ३० अंश फिरवायचं. हा आकडा ३० अंशाच्या कोसाइनचा आहे, शाळेत ०.८६६ म्हणून पाठ केलेला. वरची, डावी, उजवी अशा तिन्ही बाजूंना आकडे तेच, फक्त अधिक-उणे बदलतं. क्रम मात्र मोडायचा नाही: आधी उंची, मग तिरकेपणा, मग फिरवणं. मी उलट केलं तेव्हा चादर पतंगासारखी झाली. आता तुम्ही म्हणाल, चळतीचा माथा दिसतोय, म्हणजे परत गच्चीवरून बघणं आलंच. बरोबर आहे. पण ते चित्र आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, त्याला ते चालतं. अक्षरं भिंतीवर उभी आहेत असं भासवायचं होतं, तिथे नाही चालत.

मधे परवान्याचं काम सुरूच होतं. फलकाच्या परवानगीसाठी महापालिकेत अर्ज, गुमास्त्याची (दुकानाच्या नोंदणीची) प्रत, मिळकत कराची पावती, गाळामालकाचं संमतीपत्र आणि फलकाचं रेखाचित्र मागितलं. गुमास्त्याचं सोपं झालं. दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे २०१७ च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळाली. मालक पुण्याला असल्याने संमतीपत्राला पाच दिवस लागले. ३ मार्चला मी अर्जाला माझं ताजं, जाडजूड, तीन रंगांचं चित्र जोडून मोठ्या रुबाबात दिलं. टेबलामागच्या बाईंनी ते हातात धरून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यात माप कुठंय?"

त्यांना हवा होता सपाट आयत, दहा फूट बाय तीन फूट, जमिनीपासूनची उंची, भिंतीपासूनचा पुढावा. वीस दिवस खपून आणलेली खोली त्या कागदावर निरुपयोगी होती, उलट "अक्षरं किती इंच पुढे येणार?" असा प्रश्न आला. शून्य, असं लिहून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच फाइलीतून जाडीचा थर लपवून, मापं टाकून नवं पान काढलं. म्हणून सांगतो, सपाट अक्षरं, भिंती, सावली हे वेगवेगळ्या लेयरवर (थरांवर) ठेवा. १४ ला धूळवड आली, परवाना हातात पडला १७ तारखेला. फी फलकाच्या मापावर असते, तेव्हा माप आधी पक्कं करा. इंग्रजी ओळ टाकणार असाल तर मराठी आधी आणि इंग्रजीपेक्षा लहान नाही, हेही बघा. २०२२ च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही ते लागू आहे.

आता छपाई. मी फाइल एका फुटाला एक इंच या मापात केली होती, म्हणजे पान दहा इंच बाय तीन इंच. व्हेक्टर (बिंदूंऐवजी रेषांनी बनलेलं चित्र) आहे, कितीही मोठं करा, फाटत नाही, असं आपण सगळे सांगत असतो. ते खरंच आहे, पण अक्षरांमागे मी एक धूसर सावली टाकली होती. ही धूसरता आणणारा ब्लर हा फिल्टर आहे, पीडीएफ करताना त्याचं बिंदूंचं चित्र होतं, आणि ते किती बारीक व्हावं याचा आकडा मी ९६ वरच ठेवला होता. छापताना बारा पट मोठं झाल्यावर इंचाला आठ बिंदू उरले. एक फूट बाय एक फूट नमुना छापून घेतला, साठ रुपये. सावलीच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचे चौकोन. घरी आणून मामांना दाखवला. त्यांनी हात फिरवला आणि हसायला लागले. "हे तर आमचं ग्राफ झालं की रे."

तो आकडा ९०० पर्यंत नेता आला असता. मी ब्लरच काढून टाकला आणि सावलीला एक सपाट करडा आकार दिला. वरच्या फोकसची सावली तशीही कडक पडते.

त्याच नमुन्यात आणखी दोन गोष्टी उघड्या पडल्या. एक, पडद्यावरचा डाळिंबी रंग कागदावर विटकरी आला. इंकस्केप आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडात) काम करतं, मशीन चार शाईंत छापतं, तेव्हा छापखान्याचा रंगतक्ता बघून आकडे बदलले. दोन, शेजारी-शेजारी टेकलेल्या तुकड्यांच्या मधून केसाएवढ्या पांढऱ्या रेषा. दोन कडा अगदी बरोब्बर जुळल्या तरी मधून मागचा पांढरा डोकावतो. यावर उपाय म्हणजे सगळ्या भिंतींची एक प्रत काढून तिचं युनियन करायचं, तिला गडद रंग द्यायचा आणि सगळ्यांच्या मागे ठेवायची. फटी मग गडद दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. दुसरा नमुना, आणखी साठ रुपये, आणि तो पास.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, २० मार्चला फाइल दिली. व्हिनाइल आणि लॅमिनेशन चौरस फुटाला ५५, तीस फुटांचे १,६५०. एसीपीचा (मध्ये प्लॅस्टिक असलेला ॲल्युमिनियमचा) पत्रा, फ्रेम, बसवणी ४,२००. दोन फोकस ९००, इलेक्ट्रिशियन ३००, नमुने १२०. एकूण ७,१७०. लॅमिनेशन मॅट घ्या. आमचा गाळा पश्चिमेला तोंड करून आहे, चकचकीत घेतलं असतं तर दुपारी चारनंतर अक्षरांवर नुसता सूर्य दिसला असता. आम्हाला मिळालेला एसीपीचा पत्रा आठ फुटी होता, पाटी दहा फुटी, त्यामुळे जोड येणारच. तो शब्द आणि चादरींची चळत यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल असं चित्र आधीच सरकवून ठेवलं होतं.

२९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, पाटी चढली. उन्हाने पत्रा इतका तापला होता की बसवणाऱ्या पोरांनी हाताला फडकी गुंडाळली होती. इलेक्ट्रिशियन रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता. त्याने तिकडून ओरडून विचारलं, "फोकसची वायर अक्षरांच्या मागनं घेऊ का ओ?" मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "घ्या की, जात असली तर."

फोकस लागल्यावर मामा आले. पाटीखाली उभे राहिले, मग चौकाच्या बाजूला चालत गेले आणि तिथून चालत परत आले. उजेडाबद्दल काही बोलले नाहीत. नुसतं बोट वर केलं, री च्या वेलांटीकडे.

तिथे एक केसाएवढी पांढरी रेष आहे. मागची गडद प्रत वेलांटीच्या टोकाला पुरली नाही. बसथांब्यावरून दिसत नाही, पाटीखाली उभं राहिलं की दिसते. मला तर आता तेवढीच दिसते.